श्वासापुरती जागा

वरच्या खोलीतला पियानो त्या जागी थांबला नाही, आणि खाली स्वयंपाकघरात जनेलच्या हातातलं भांडी पुसायचं फडकं थांबलं. खरं तर वर पियानो नव्हताच. पियानो खाली बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी होता तिथेच होता, आणि त्याच्यावर तिच्या मुलीचे, मारितचे, बालवाडीपासूनचे शाळेचे फोटो ओळीने उभे होते. वर होता तो फोन. छापील सुरावटीच्या पानाचा फोटो काढला की हल्ली फोनच ते पान वाजवून दाखवतो, कागदावर असेल तसं, एक ठोका कमी नाही की जास्त नाही. असं काही निघालंय हे जनेलला ठाऊक होतं. पण आपल्या घरात, आपल्याच गाण्यासाठी कुणाला त्याची गरज पडेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चर्चमधला बॉयलर बिघडला म्हणून गाणाऱ्यांची तालीम रद्द झाली, म्हणून ती आज लवकर घरी आली होती, मागच्या दाराने, चिखलाचे बूट बाहेर काढून. मारितला ते माहीत नव्हतं. मारित गात होती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलीचं गाणं, जी दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देते आणि जिचा स्वतःचा फोन कधी वाजत नाही. शेवटच्या कडव्याआधी एक उंच सूर येतो. त्या सुराच्या आधी एक जरासा थांबा असतो, म्हणजे कागदावर नसतो, जनेलच्या पियानोवरच्या हातात असतो. फोनने तो दिला नाही आणि मारितने मागितलाही नाही. ती नेमकी ठोक्यावर आत शिरली. सूर लागला, आणि इतका स्वच्छ लागला की जनेलच्या तोंडून आधी "वा" निघालं, सवयीनं, चांगलं झालं की निघायचं तसं. मग ती खुर्ची ओढून बसली. फडकं मांडीवर ओलं होतं, ते तिला बऱ्याच वेळाने कळलं.

उद्या एक मे. उद्यापर्यंत कॉलेजला होय किंवा नाही कळवायचं, आणि उद्या शाळेतली शेवटच्या वर्षाची सगळी मुलं आपापल्या कॉलेजचे स्वेटशर्ट घालून जाणार. मिल्वॉकीत असं कधीपासून सुरू झालं कुणास ठाऊक, जनेलच्या वेळी नव्हतं. तिच्या वेळी मुलं गुपचूप कुठेतरी जायची आणि नाताळात परत यायची. आता अंगावर लिहून फिरायचं. मारितच्या कपाटात दोन स्वेटशर्ट घडी करून ठेवलेले होते, एक हिरवा, एक नारंगी. हिरवा वरच्या कॉलेजचा, म्हणजे सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेला तासभर गेलं की लागतं त्याचा. नारंगी टेक्सासचा. दोन्ही जनेलच्या नवऱ्याने, गॉर्डीने आणले होते. "एक वाया जाणार रे," असं जनेल म्हणाली तेव्हा तो म्हणाला होता, "वाया कशाला? उरेल तो मी गवत कापताना घालीन. शेजारच्यांना वाटेल, म्हातारपणी नाचायला शिकतोय." गॉर्डी शहराच्या पाणीखात्यात होता. रस्ता खोदून फुटलेले नळ शोधणं हे त्याचं काम, आणि जगातल्या बहुतेक अडचणी कुठेतरी खाली पाणी गळत असल्यामुळे होतात असं त्याचं मत होतं. बायको आणि मुलगी गाण्याबद्दल बोलायला लागल्या की तो मोठ्या आदराने पेपर उघडायचा.

मारितला अभिनय, नाच आणि गाणं एकदम शिकवणारं कॉलेज हवं होतं. म्हणजे साध्या मुलांसारखं मार्क पाठवून भागत नाही. आधी घरून व्हिडिओ पाठवायचे, त्या चाळणीतून निवड झाली तर फेब्रुवारीत शिकागोला जायचं, तिथे एका मोठ्या हॉटेलात देशभरातली कॉलेजं एकेक खोली धरून बसतात आणि पोरं या मजल्यावरून त्या मजल्यावर धावत आपलं एकच गाणं पुनःपुन्हा गातात. जनेलने वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. कुठली गाणी घेऊन जाऊ नयेत याच्या याद्या तिला पाठ होत्या, कारण ती गाणी ऐकून ऐकून मास्तरांचे कान किटलेले असतात. हे टेलिफोनवालीचं गाणं तिनेच शोधलं होतं, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, एका खोक्याच्या तळाशी, चहाच्या डागासकट. कुठल्यातरी आठवड्याभरात बंद पडलेल्या नाटकातलं. कुणाला माहीत नसलेलं. मारित दहा-अकरा वर्षांची असेल, आणि जनेलने ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मारित म्हणाली होती, "मॉम, हे माझं आहे हां. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही." द्यायला दुसरं होतं कोण. तरी जनेलने शपथ घेतली होती, पियानोवर हात ठेवून.

थांबा मात्र त्याच्याही आधीचा. मारित सहा वर्षांची असताना तिला दम लागायचा. रात्री छातीतून बारीक शिटी वाजायची, आणि जनेल भिंतीला कान लावून पडलेली असायची, ती शिटी मोजत नाही पण ऐकत. डॉक्टर म्हणाले गाऊ द्या, फुप्फुसं मोकळी होतील. मग नाताळच्या कार्यक्रमात बाकीची मुलं मेंढ्या झाली आणि मारित एकटी उभी राहून गायली, खिशात दम्याचा पंप घेऊन. ओळीच्या मधेच तिचा श्वास संपला. ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली आणि तिने आईकडे पाहिलं, आणि जनेलचे हात थांबले. सगळं चर्च थांबलं. मारितने श्वास घेतला, खांदे वर गेले, खाली आले, आणि हात पुन्हा चालू झाले. कुणाला काही कळलं नाही. चर्चमधली एक म्हातारी नंतर म्हणाली, "काय भाव होता तिथे, पोरीच्या गाण्यात!" तेव्हापासून जनेल थांबत आली. पुढे दमा गेला, पंप कपाटात पडून त्याची तारीख उलटली, मारित उंच झाली, शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून आली तरी तिला धाप लागत नसे. थांबा राहिला. हात थांबत, मारित श्वास घेई, हात चालत. बोलायची गरजच पडली नाही. जनेलच्या आयुष्यात एवढं सरळ दुसरं काहीच नव्हतं. गॉर्डीवरही तिचं प्रेम होतं, पण गॉर्डीशी बोलावं लागे.

शिकागोच्या त्या हॉटेलचा वास तिला अजून आठवत होता. गालिच्याचा, केसांच्या फवाऱ्याचा, आणि मध घातलेल्या गरम पाण्याचा, कारण प्रत्येक आईच्या हातात तसला एक थर्मास होता. पोरं भिंतींशी उभी राहून ओठ फुरफुरत होती, कुणी जमिनीवर पाय फाकून बसलं होतं, कुणी कानात बोटं घालून स्वतःलाच ऐकत होतं. लिफ्टमध्ये एका बाईने जनेलला विचारलं, "तुमची कितवी खोली?" जनेलने सांगितलं तशी ती बाई डोळे मिटून म्हणाली, "आमचं रडणं झालं सकाळीच. आता बरं वाटतंय." आत आई-वडिलांना सोडत नाहीत. आत पियानोवर परका माणूस असतो. त्याच्यासमोर आपली वही ठेवायची, गाणं कुठून सुरू, कुठे कापलंय ते दाखवायचं, छातीवर दोन बोटांनी लय वाजवायची, आभार मानायचे, आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. जनेलने वहीत सगळं लिहून दिलं होतं. कुठे हळू, कुठे जोर, कुठे पान उलटायची घाई करू नये. पिवळ्या रंगाने, पेन्सिलीने, परक्या माणसाला एक शंका यायला नको म्हणून. थांबा लिहायचा तिच्या मनातच आला नाही. हातांना कुणी लिहून देतं का, पुढच्या क्षणी काय करायचं ते?

ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. पियानो सुरू झाला, चांगला वाजवत होता तो माणूस. मारितचा आवाज आला, आणि जनेलची बोटं कोटाच्या खिशात आपली आपण हलायला लागली. ती जागा आली. खिशातली बोटं थांबली. पियानो थांबला नाही. मारित थांबली होती, तिने श्वास घेतला होता, आणि आत शिरायला बघते तो गाणं पुढे निघून गेलेलं. ती त्याच्या मागे धावली. सूर चिरकला. मग पुढे सगळं नीट झालं, म्हणजे जे उरलं होतं ते. बाहेर आल्यावर मारित म्हणाली, "त्याने घाई केली." पुढच्या खोलीतल्यानेही घाई केली. त्याच्या पुढचीनेही. दुपारपर्यंत मारित त्या जागेच्या चार ओळी आधीपासूनच घाबरायला लागली, आणि जनेल बाहेर तिचा थर्मास धरून उभी होती आणि तिला कळलं होतं. पहिल्याच खोलीबाहेर कळलं होतं, हे ती स्वतःशी नाकारू शकत नव्हती. मधल्या वेळात एवढंच म्हणायचं होतं, "मारित, तिथे मी थांबते. त्यांना सांग." तिला ते म्हणवलं नाही. घसा गरम ठेव म्हणाली, केस नीट कर म्हणाली, केळं खा म्हणाली.

सगळ्यात शेवटी टेक्सासची खोली होती. तिथली शिकवणारी एक ठेंगणी, चष्मा डोक्यावर चढवलेली बाई होती, असं मारितने नंतर सांगितलं. तिने मारितला मधेच थांबवलं आणि पियानोवाल्याला म्हणाली, तुम्ही जरा कॉफी घ्या. मग मारितला म्हणाली, एकटी गा. मारित एकटी गायली, आणि त्या जागी पुन्हा थांबली. बाईने विचारलं, "इथे कुणाची वाट बघतेस?" हे मारितने सांगितलं ते परतताना, गाडीत. शिकागो मागे पडलं, राज्याची हद्द ओलांडली, तोवर ती खिडकीला डोकं लावून बसली होती. जनेलला वाटलं झोपली. मग काचेकडे तोंड ठेवूनच मारित म्हणाली, "मॉम, मला वाटायचं ते गाण्यातच आहे." जनेलने विचारलं, "काय?" खरं तर विचारायची गरज नव्हती. "ते थांबणं. मला वाटायचं गाणंच तसं आहे. ते तू होतीस, हे मला माहीतच नव्हतं." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर जनेलला काहीतरी बोलता आलं असतं. पुढे केनोशाला गाडी थांबवून त्या दोघींनी तळलेलं चीज खाल्लं आणि हॉटेलातल्या पोरांच्या नकला करून हसल्या. त्या विषयावर आजवर त्या दोघी पुन्हा बोलल्या नव्हत्या.

एकेक कॉलेजचा नकार येत गेला. मार्चभर मारित रोज शाळेतून येऊन फोन बघायची आणि मग म्हणायची, "हेही गेलं," जसं कुणी पाऊस पडतोय का ते सांगतं. शेवटी दोन उरली. टेक्सासने घेतलं होतं. आणि वरच्या कॉलेजने घेतलं होतं, जिथे ऑडिशन त्यांच्याच आवारात होती आणि आपला पियानोवाला आणायची मुभा होती. तिथे जनेल बसली होती पियानोवर. तिथे मारित अशी गायली होती की त्या विभागाच्या प्रमुख मिसेस ऑस्ट्रँडर खुर्चीतून उठल्या. नंतर महिन्याभराने त्यांचा फोन आला, आणि तो मारितला नव्हता, जनेलला होता. त्यांची पियानो वाजवणारी बाई निवृत्त होत होती. "तुम्ही ऐकता, हो," मिसेस ऑस्ट्रँडर म्हणाल्या, "वाजवणारे पुष्कळ मिळतात. ऐकणारे कुठे मिळतात? या ना आमच्याकडे." जनेल फोन ठेवून मागच्या अंगणात गेली आणि बर्फात तशीच उभी राहिली. आयुष्यात कुणी तिला असं बोलावलं नव्हतं. चार वर्षं. रोज सरोवराच्या कडेने गाडी, शेजारी मारित, दोघींच्या मधे कॉफीचे कप, तालमीची खोली, आणि ती जागा, रोज. तिने सगळं एका मिनिटात बघून घेतलं, अगदी मारितच्या पदवीदानाला आपण कुठला कोट घालणार तेसुद्धा. शुक्रवारी मासे खायला गेले तेव्हा तिने ते दोघांना सांगितलं. गॉर्डीने टेबलावर थाप मारली. "म्हणजे मायलेकी एकाच वर्गात! डबे मी भरू का?" मारित म्हणाली, "मस्त, मॉम! खरंच मस्त." आणि तिने माशाचा तुकडा वाटीतल्या सॉसमध्ये बुडवला, आणि बराच वेळ तो बुडवूनच धरला.

ते बुडवून धरणं जनेलला आज, या खुर्चीत, ओलं फडकं मांडीवर घेऊन, नीट दिसलं. तेव्हा तिला फक्त "मस्त" ऐकू आलं होतं. आपण ऐकणारी बाई, असं म्हणतात लोक. वर फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. पोरगी चोरून तालीम करत होती, आई घरात नाही अशा वेळी, जशी आपण तिच्या वयाची असताना सिगारेट ओढली. आज संध्याकाळी शाळेचा निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यात हेच गाणं होतं, जनेलच पियानोवर. त्याची तालीम त्यांनी केली नव्हती. तालीम कसली, झोपेतही जमेल, असं परवाच दोघी म्हणाल्या होत्या. जनेल उठली, मागच्या दाराने बाहेर गेली, बूट पुन्हा पायात घातले, गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली, आणि यावेळी पुढच्या दाराने आवाज करत आत आली. "मी आले गं!" वरचा फोन तत्काळ बंद झाला. "आलीस? कशी झाली तालीम?" मारितने जिन्यावरून विचारलं. "नेहमीसारखी," जनेल म्हणाली. आणि तेव्हाच तिने ठरवलं. आज थांबायचं नाही. कागदावर आहे तसं वाजवायचं. पोरीला जे हवंय ते तिने चोरून घ्यावं लागू नये, आपण हातांनी द्यावं. बोलायचं नाही. आपण कधी बोललोय?

सभागृह भरलं होतं. मारितने निळा फ्रॉक घातला होता, तिच्या आजीने शिवलेला. पियानोजवळून जाताना तिने आईच्या खांद्याला हात लावला आणि हसली. त्या हसण्यात काहीतरी होतं, एखादी वस्तू पाठीमागे लपवून आणलेल्या मुलाचं असतं तसं, पण जनेल स्वतःचीच वस्तू लपवण्यात इतकी गुंग होती की तिने ते पाहून सोडून दिलं. गाणं सुरू झालं. टेलिफोनवाली फोन जोडत राहिली, कुणाचा नवरा, कुणाची बहीण, कुणाचा दवाखाना. ती जागा जवळ आली. जनेलने दात आवळले. हातांना सवय मोडताना दुखतं, हे तिला माहीत नव्हतं. ती थांबली नाही, गेली पुढे, छापलंय तशी, आणि गेल्यावर तिला मारितचा आवाजच ऐकू येईना. तिने मान वर केली. मारित श्वास घेत होती. सहा वर्षांची असताना घ्यायची तसा, सावकाश, खांदे उचलून, भरपूर. ती थांबली होती. मग दोघींना एकदमच कळलं. जनेलने घाबरून हात मागे घेतले, तिला जागा करून द्यायला, आणि नेमकी त्याच क्षणी मारित तिला गाठायला पुढे धावली, आणि त्या पुन्हा चुकल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघी कधी चुकल्या नव्हत्या. शेवटचं कडवं कसंबसं एकत्र झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोकांना काही कळलं नव्हतं, जसं तेव्हा चर्चमध्येही कळलं नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवरून मारित म्हणाली, "तू थांबली नाहीस."

"तू थांबलीस," जनेल म्हणाली.

"आज मी तुझ्यासाठी थांबले होते, मॉम."

गॉर्डीने आरशात बघितलं. "तुम्ही दोघी कशाबद्दल बोलताय देव जाणे. मला तर ते गाणं नेहमीसारखंच वाटलं. त्या बिचारीला शेवटपर्यंत कुणी फोन करत नाही." मारितला हसू आलं आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं. जनेलने मागे न बघता रुमाल मागे दिला. मोठ्या कार्यक्रमानंतर ते तिघं नेहमी गोठवलेलं कस्टर्ड खायला जात, तसे गेले. मारितने अक्रोडवालं घेतलं आणि गॉर्डीने तिच्यातलं अर्धं खाल्लं. कुठल्या कॉलेजचं काय ठरलं, हे कुणी विचारलं नाही.

सकाळी मारित खाली आली ती हिरवा स्वेटशर्ट घालून. जनेल अंडी फेटत होती. तिला आधी आनंदच झाला, साधा, लोभी आनंद, पोट भरल्यासारखा, आणि तो तिने स्वतःपासून लपवला नाही. चार वर्षं. सरोवर, कॉफी, ती खोली. मारित स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती आणि हात बाजूला धरून म्हणाली, "कसा दिसतोय?" आणि तेव्हा जनेलने तिचे खांदे पाहिले. ते वर उचललेले होते. पोरीने श्वास घेतला होता आणि धरून ठेवला होता, आणि ती आईकडे बघत होती, पुढे जाऊ का म्हणून. नाताळच्या मेंढ्यांमध्ये उभी राहून बघितलं होतं तशीच. हात थांबवले की ही श्वास घेईल. हात चालवले की ही चालेल. जन्मभर.

"सैल आहे," जनेल म्हणाली.

"सैलच घालतात, मॉम."

"बदलून ये."

"म्हणजे?"

"मी मिसेस ऑस्ट्रँडरना नाही म्हणून कळवलंय." अंडी फेटून झाली होती तरी ती फेटत होती. "रोज तासभर गाडी हाकत जायचं, तेही बर्फात. माझं काय वय राहिलंय का?"

"तूच म्हणालीस तुला आवडेल. अगं, तू किती खूश होतीस!"

"तेव्हा होते." मग तिला कळलं की एवढ्याने भागणार नाही. एवढ्याने पोरगी येऊन गळ्यात पडेल आणि म्हणेल मी चालवीन गाडी. जनेलने वाडगं खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं, कारण न बघता हे खोटं वाटलं असतं. "आणि खरं सांगू, मारित? मला कंटाळा आलाय. तू सहा वर्षांची असल्यापासून मी तुझ्यासाठी थांबतेय. दुसऱ्यांच्या पोरी आपलं आपण गातात. मला नाही आता थांबायचं."

मारितच्या तोंडावरून रंग गेला आणि मग गळ्यापासून वर परत आला. "मग आधी सांगायचंस ना," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी काय मागितलं होतं का तुझ्याकडे? मला तर ते माहीतसुद्धा नव्हतं." ती वर गेली. वर कपाटाचं दार आपटलं. जनेल गॅसपाशी उभी राहून ते ऐकत होती. परत आली तेव्हा ती नारंगीत होती, आणि डोळे धुतलेले होते. बाहेर तिच्या मैत्रिणीने गाडीचा हॉर्न वाजवला. रोज जाताना ती आईच्या केसांवर ओठ टेकवून जायची. आज टेबलावरचं केळं उचललं, दार उघडलं, आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." एवढंच. ती पायऱ्या उतरून गेली. तिचे खांदे खाली होते आणि चाल वेगळी होती, आपल्या पायांची, आणि ती एकदाही थांबली नाही. गाडीतल्या मैत्रिणीने नारंगी रंग बघून किंकाळी फोडली, ती घरापर्यंत ऐकू आली.

गॉर्डी दाढी पुसत खाली आला. "नारंगी दिसलं मला खिडकीतून! म्हणजे टेक्सास! चला, गवताचा शर्ट हिरवा ठरला." मग त्याने जनेलकडे बघितलं, आणि अंड्यांकडे, आणि हळू आवाजात विचारलं, "आणि त्या ऑस्ट्रँडरबाईंचं काय? वर ऐकू आलं मला. तू त्यांना कधी कळवलंस?"

"आता कळवते," जनेल म्हणाली.

त्याने तिच्या पाठीवर आपला मोठा हात ठेवला, बराच वेळ, आणि मग बूट घालून कामावर गेला, कारण कुठल्यातरी रस्त्याखाली नळ फुटला होता. जनेलने मिसेस ऑस्ट्रँडरना फोन केला. त्या म्हणाल्या, अरेरे. जनेल म्हणाली, हो ना. अंडी तिने एकटीसाठी केली आणि खाल्ली नाहीत. मग ती पियानोपाशी बसली आणि टेलिफोनवालीचं गाणं पहिल्यापासून वाजवलं, कागदावर छापलंय तसं, चहाच्या डागावरून नजर न हलवता. आज चुकायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती जागा आली आणि तिचे हात थांबले. तिने त्यांना पुढे जायला सांगितलं. ते गेले नाहीत.